जालना पॉज

सोयाबीनचे चारशे दाणे. शंभर-शंभर करून ओल्या कागदात गुंडाळायचे. आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून मोजायचं: नीट उगवलेले किती, वाकडे किती, कुजलेले किती. आकडा जो निघेल तोच लिहायचा.

*

माउथ ऑर्गनमधले काही सूर फुंकून निघतात, काही श्वास आत ओढून. ब्लूज वाजवणारा बहुतेक वेळ ओढतच असतो.

*

नारळ, शाल, फेटा, फ्रेम. फ्रेम दीड बाय दोन फूट, सोनेरी कडांची.

*

लोखंड वितळवायच्या भट्टीला आतून अस्तर लागतं. पांढरी कोरडी भुकटी ओतत जायची, ठोकत जायची. ठोकणारा माणूस भट्टीच्या आत उभा असतो.

*

पंपाच्या पाठीला एक बारीक खिडकी असते. खिडकीत आकडा. एकदा दाबलं की एकानं कमी.

*

'ओळ संपायच्या आधी तो थांबतो. त्या थांबण्यात एक अख्खं गाव उभं असतं.'

*

'कल्याणीजी, एक छोटीशी शंका होती.'

*

शंका विचारणारा अद्वैत. पुण्याचा, तिशीतला, संगीतावर इंग्रजीतून लिहिणारा. तो ज्या संकेतस्थळावर लिहायचा ते देशातले ब्लूजवाले सकाळी दात घासायच्या आधी उघडतात, असं डॉक्टर शरदचंद्र म्हणायचे, आणि ते स्वतः दातांचे डॉक्टर असल्यामुळे त्यांच्या म्हणण्याला वजन होतं. अद्वैत जालन्याला आला तो मावसबहिणीच्या लग्नाला. साडेबाराला अक्षता पडल्या, पंगत उठली, परतीची गाडी संध्याकाळची. मधला वेळ कसा काढावा या विचारात असताना मांडवात कुणीतरी त्याला म्हणालं, की नवीन जालन्यात एका बियाण्याच्या दुकानाच्या माळ्यावर दर रविवारी तीनला ब्लूजची बैठक बसते. तो आधी हसला. मग पत्ता विचारून गेला.

बैठक खरीच होती. दुकान काकासाहेबांचं. खाली कपाशीची पाकिटं आणि सोयाबीनच्या बॅगा, वर बारदानाच्या थप्प्या, आणि थप्प्यांच्या मधोमध अंथरलेल्या दोन सतरंज्या. काकासाहेब साठी ओलांडलेले. हैदराबादला शिकायला असताना जुन्या बाजारात मिळालेल्या अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांच्या गाण्यांच्या, म्हणजे ब्लूजच्या, एका तबकडीनं त्यांना जे पकडलं ते सोडलंच नाही. ज्याच्या त्याच्या मागे लागून त्यांनी अकरा माणसं जमवली होती: दातांचे डॉक्टर, एक वकील, रेल्वेतले तिकीटबाबू, कॉलेजातले दोघं, असे. सगळे ऐकणारे. वाजवणारे त्यांखेरीज दोनच. गिटारवर कल्याणी, माउथ ऑर्गनवर देवानंद.

कल्याणी बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर ओले कागद उलगडायचे, अंकुर मोजायचे, अहवालावर सही करायची. बारा वर्षांत तिनं एक आकडा इकडचा तिकडं केला नव्हता. विक्री खात्यातले लोक विनवून थकले आणि शेवटी तिला 'हरिश्चंद्र मॅडम' म्हणू लागले, तेही तिनं चालवून घेतलं.

देवानंद भट्टीवर. औद्योगिक वसाहतीतल्या एका सळईच्या कारखान्यात, ठेकेदाराकडून, अस्तराच्या कामाला. गाव पिंपळगाव रेणुकाई, खोली चंदनझिऱ्याला, वय अडतीस. चार वर्षांपूर्वी तो गावाकडच्या रानासाठी कपाशीचं बियाणं घ्यायला आला होता. रांग मोठी होती, म्हणून खिशातून माउथ ऑर्गन काढून वाजवत उभा राहिला. काकासाहेब गल्ला उघडा टाकून उठले आणि त्याचा हात धरून त्याला माळ्यावर घेऊन गेले. रांगेतल्या लोकांना वाटलं, माणूस चोरी करताना सापडला.

ब्लूज म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायची कल्याणीनं जय्यत तयारी केली होती. तिनं एक गाणं लावलं. त्यात गाणारा पहिली ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, मग तिसरी. देवानंदनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बराबर हाय. पहिली ओळ दोनदाच सांगाव लागती ताई. पहिल्यांदा कोन ऐकतंय?"

समजावणं तिथंच संपलं. पुढच्या रविवारी त्यानं पाइपचा एक तुकडा कापून, कडा घासून तिला बोटात घालायला आणून दिला. तारांवरून तो सरकवला की गिटार बाईसारखी हुंदका द्यायची.

*

तर अद्वैतची शंका.

त्यानं पुण्याला जाऊन लेख लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता एका जागी अडला, म्हणून त्यानं मंगळवारी कल्याणीला फोनवर मजकूर पाठवला. देवानंदजी ओळ संपायच्या जरा आधीच सूर सोडून देतात, त्यानं लिहिलं होतं, मग दोन-तीन मात्रा नुसती शांतता, आणि मग पुढची ओळ. असं मी कुणाचंच ऐकलेलं नाही. हे ठरवून केलेलं आहे का? कसं सुचलं?

हे ठरवून नव्हतं. दिवाळीपासून देवानंदला खोकला होता. माळ्याचा जिना चढून आला की तो पाच मिनिटं बारदानाला टेकून बसायचा. ओळ अर्धी सुटायची ती दम पुरत नाही म्हणून. कल्याणीला हे ठाऊक होतं, कारण ती त्याच्या हाताच्या अंतरावर बसायची आणि त्या दोन-तीन मात्रांत त्याच्या छातीतून येणारी शीळ तिला ऐकू यायची.

पण हे अद्वैतला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. दम का लागतो? काम काय करतात? आणि मग जो लेख येणार तो तिला आत्ताच दिसत होता. गरिबाच्या हातात वाद्य दिसलं की लिहिणाऱ्याला आधी त्याचं दुखणं दिसतं. वाजवणं राहतं बाजूला. भट्टीतला मजूर, छातीत भुकटी, ओठांवर दुःखाचं संगीत. असले लेख तिनं ढिगानं वाचले होते आणि प्रत्येकाची तिला शिसारी आली होती. देवानंद चांगला वाजवतो म्हणून चांगला आहे, आजारी आहे म्हणून नव्हे. शिवाय आपल्या माणसाचं दुखणं परक्यापुढं काढू नये, हे तिच्या घरात कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ते दुधाबरोबर मिळालं होतं.

तिनं लिहिलं: 'हो, ठरवून आहे. वर्षभर आम्ही दोघं त्यावर मेहनत घेतोय.'

मग तिनं हात धुतले आणि सोयाबीनची पुढची गुंडाळी उलगडली. शंभरातले एक्क्याऐंशी. तिनं एक्क्याऐंशी लिहिले.

*

लेख गुरुवारी आला. त्या थांबण्याला अद्वैतनं नाव देऊन टाकलं होतं: जालना पॉज. दुपारपर्यंत बेंगळुरू, शिलाँग, कोलकाता, जिथं जिथं ब्लूज वाजवणारे आहेत तिथून शेरे येत होते. कुणी म्हणालं, आम्ही सगळे सूर भरत बसतो आणि हा माणूस सोडून देतो. एका नावाजलेल्या गिटारवाल्यानं लिहिलं की आज रियाझाला बसलो आणि पहिल्यांदाच आपण फार बोलतो असं वाटलं. लेखाखाली एकशे चाळीस शेरे. त्यातले सदतीस काकासाहेबांचे, प्रत्येकाला वेगवेगळे आभार.

रविवारी माळ्यावर अकराच्या अकरा हजर. देवानंदला इंग्रजी येत नसल्यामुळे कल्याणीनं लेख मराठीत वाचून दाखवावा असं ठरलं. ती वाचत गेली. देवानंद मांडी घालून, मान खाली घालून ऐकत होता, जसं कुणी दुसऱ्याच्या घरच्या पत्रिकेतलं ऐकावं. नाव आलं तिथं तो थांबवून म्हणाला, पॉज म्हंजे काय ते कळलं न्हाई. कल्याणी म्हणाली, तुम्ही ओळ संपायच्या आधी थांबता ना, ते.

"ते थांबनं न्हाई ताई," देवानंद म्हणाला. "दम लागून राह्यला."

माळा हसला. वकिलांनी मांडीवर थाप मारली. डॉक्टर शरदचंद्र म्हणाले, पहा, खऱ्या कलावंताचं हे लक्षण, आपल्या थोरपणाची त्याला खबरच नसते. काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ही ओळ दोनदा सांगायला हवी. "ते थांबनं न्हाई ताई," देवानंद म्हणाला. "दम लागून राह्यला." अकरा माणसांनी ऐकलं. त्यातला एक डॉक्टर होता, दातांचा का असेना. आणि कल्याणीही हसली.

*

सत्कार मार्चमध्ये झाला. सत्काराशिवाय जालन्यात कुठली गोष्ट घडली असं मानत नाहीत. सोनेरी फ्रेममध्ये लेख, वर देवानंदचा फोटो. वकील चाळीस मिनिटं बोलले. डॉक्टर शरदचंद्रांनी जबडा, जीभ आणि श्वास यांचा परस्परसंबंध उलगडून सांगितला. सभागृह सहाला रिकामं करून द्यायचं होतं, त्यामुळे वाजवायला सात मिनिटं उरली. फेटा बांधलेल्या देवानंदनं एकच गाणं घेतलं. पहिल्या ओळीअखेरीस त्याचा दम तुटला आणि सभागृहातून 'वाऽऽ' असा एक लांब उसासा आला. तोवर त्याला माहीत नव्हतं की लोक नेमकी त्याच जागेची वाट पाहतात. आता कळलं. कल्याणीनं त्याच्या चेहऱ्यावर ते कळताना पाहिलं.

आठ दिवसांनी पुण्याहून निरोप आला. डिसेंबरात तिथं ब्लूजचा दोन दिवसांचा महोत्सव होता. जालन्याच्या जोडीला चाळीस मिनिटं दिली होती.

*

देवानंदची बायको दैवशाला. फटकळ, आणि लेखाबिखाचं तिला काडीचं कौतुक नाही. तिनं एप्रिलमध्ये त्याला धरून छातीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ धरला, आणि मग एवढंच विचारलं की काम काय करता. भुकटी आत जाऊन बसली आहे, ते म्हणाले, बसली ती बसली. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवायचं. अस्तराचं काम आजपासून बंद. तोंडानं औषध ओढायचा पंप सकाळ-संध्याकाळ. आणि ते वाद्य जरा विसरा.

काम बंद झालं नाही, कारण ठेकेदाराकडं दुसरं काम नव्हतं. वाद्य विसरणं शक्य नव्हतं. राहिला पंप. तो देवानंदनं नेमानं घेतला, आणि तीन आठवड्यांत त्याचा जिन्यानंतरचा मुक्काम सुटला. मेच्या दुसऱ्या रविवारी त्यानं एक अख्खी ओळ वाजवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न तुटता. शेवटचा सूर तर त्यानं खाली वाकवून, पुन्हा वर आणून, अलगद ठेवला. चार वर्षांत त्यानं इतकं चांगलं वाजवलं नव्हतं.

गाणं संपलं. मग तिकीटबाबूंनी घसा खाकरला. काकासाहेब जरा चाचरत म्हणाले की छान झालं, बिलकुल छान, पण आज तो पॉज काही आला न्हाई. डॉक्टर शरदचंद्र म्हणाले, होतं कधीकधी, मूड असतो. वकील म्हणाले की पुण्याला असं होऊ देऊ नका म्हणजे झालं, लोक लांबून येणार आहेत.

देवानंद माउथ ऑर्गन तळहातावर आपटून त्यातली थुंकी काढत होता. तो म्हणाला, "येईल. आनतो."

*

जुलैत दैवशाला प्रयोगशाळेत आली. सुरक्षारक्षक तिला आत सोडेना, तर तिनं मॅडमला बाहेर बोलवा म्हणून फाटकाशी बसकण मारली. कल्याणी बाहेर आली तेव्हा तिनं पिशवीतून पंप काढून पुढं केला आणि खिडकीवर बोट ठेवलं. तिथं एकशे सोळा होते.

"महिना झाला मॅडम, एकशे सोळाच हायेत," दैवशाला म्हणाली. "मला म्हंतेत घेतला. मी रोज आकडा बघते. पंप घेतला की त्यांचं ते बंद पडतंय म्हने, तुमचं पुन्याचं. तुमचं ऐकतेत ते. तुमीच सांगा."

कल्याणीनं आकडा पाहिला. असा एक न हललेला आकडा तिला वाचता येत नव्हता असं नाही.

ती त्याच रविवारी चंदनझिऱ्याला गेली. बैठकीच्या आधी, भर दुपारी. खोलीत पंखा, कॉट, आणि भिंतीवर देवाच्या फोटोंच्या ओळीत सोनेरी फ्रेम. देवानंद उशाला टेकून बसला होता. ओठांच्या कडा निळसर. ती आली म्हणून उठू लागला, तिनं बसवलं. पंपाचं बोलली. त्यानं फ्रेमकडं पाहिलं आणि म्हणाला की जे छापून आलंय, ते वाजवून दाखवायला नको का? लोक काय म्हणतील, लिवलं एक आन् वाजवतो एक?

"ते खोटं आहे देवानंदभाऊ," कल्याणी म्हणाली. "त्यानं मला विचारलं होतं. मीच लिहून दिलं, ठरवून आहे म्हणून. तुम्हाला दम लागतो हे मला माहीत होतं."

पंखा फिरत होता. दैवशाला स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचे हात थांबले.

देवानंदला राग येईल असं कल्याणीला वाटलं होतं. तो यायला हवा होता. तो नुसता विचार करत राहिला, हिशोब जुळत नाही तेव्हा माणूस करतो तसा.

"चौदा वर्षं त्या भट्टीत उतरून राह्यलो," तो म्हणाला. मधे श्वास घेतला. "कुनी इचारलं न्हाई, देवानंद, दम कसा हाय तुझा. मुकादमानं न्हाई, ठेकेदारानं न्हाई. तुमाला ठाऊक होतं, तुमी बी न्हाई इचारलं." पुन्हा श्वास. "आता त्याच दमाला लोक टाळ्या वाजवून राह्यले. तर तुमी म्हंता, पंप घ्या."

त्यानं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, चला, तीन वाजत आले.

*

दुसरं पत्र तिनं अद्वैतला लिहिलं ते असं:

'मी तुम्हाला खोटं सांगितलं. देवानंद ओळ सोडतात ती त्यांना श्वास पुरत नाही म्हणून. त्यांच्या फुप्फुसांत भट्टीची भुकटी आहे. तुमच्या लेखामुळे ते औषध घेत नाहीत. यात तुमचा दोष नाही, माझा आहे. पण लेख तुमचा आहे, म्हणून दुरुस्तीही तुम्हालाच करावी लागेल. त्यांनी मेमध्ये पूर्ण वाजवलेल्या एका ओळीचं ध्वनिमुद्रण सोबत पाठवत आहे. ती ऐका आणि तीच चांगली आहे असं लिहा.'

अद्वैत माणूस वाईट नव्हता. त्याचा तासाभरात फोन आला. आवाज ओला होता. त्यानं दोन दिवसांत लेखाखाली टीप घातली: श्वास तुटतो तो आजारामुळे, हे लेखकाला नंतर कळलं, आणि देवानंद यांची ही अखंड ओळही जरूर ऐकावी. टिपेखाली तिचं पत्रही छापलं, त्यातलं एक वाक्यही गाळलं नाही.

टिपेवर आलेले शेरे कल्याणीनं प्रयोगशाळेत उभ्या उभ्या वाचले.

'आता तर ऐकवत नाही, आणि ऐकल्याशिवाय राहवत नाही.'

'म्हणजे तो प्रत्येक ओळीत खरोखर मरतोय. देवा. हाच ब्लूज.'

'अखंड ओळ ऐकली. ठीक. कुणीही वाजवेल.'

'गिटारवाल्या बाईंना आत्ताच कसं आठवलं? लेखात त्यांच्यावर दोनच ओळी आहेत, म्हणून तर नव्हे?'

हा शेवटचा शेरा बैठकीच्या ग्रुपवर वकिलांनी टाकला, खाली काहीही न लिहिता. संध्याकाळी काकासाहेबांचा फोन आला. ते रागावले नव्हते, दुखावले होते. बाई, ते म्हणाले, बियाणं आन् सळई सोडून तिसऱ्या गोष्टीसाठी जालन्याचं नाव पहिल्यांदा निघालं होतं. तुम्हाला ते झाकायचं होतं तर शेवटपर्यंत झाकायचं होतं. उघडायचं होतं तर पहिल्यांदाच उघडायचं होतं. ती म्हणाली, खरं आहे. ते खरंच होतं.

मूळ लेख जेवढ्यांनी वाचला होता त्याच्या तिप्पट लोकांनी तो टिपेसकट वाचला. पुण्याच्या महोत्सवानं चाळीस मिनिटांची साठ केली.

*

पुण्याला कल्याणी गेली. तिनं नाही म्हटलं असतं तर आयोजक दुसरा गिटारवाला देणार होते, आणि त्या अनोळखी माणसाला देवानंदच्या छातीतली शीळ कुठली आणि पुढच्या सुराची तयारी कुठली हे कळलं नसतं. एवढ्यासाठी गेली. प्रवासात तो तिच्याशी नीट बोलला. डब्यातल्या धपाट्यातलं अर्धं तिला दिलं. जुन्या गोष्टींपैकी कुठलीच काढली नाही.

मोकळं मैदान, दोनेक हजार लोक, संध्याकाळचे साडेसहा. पहिलं गाणं. देवानंदनं ओळ ओढली, ओढली, आणि ती तुटली. दोन हजार माणसं एकदम गप्प झाली. लहान मुलांनासुद्धा आयांनी गप्प केलं. त्या शांततेत ध्वनिक्षेपकातून त्याच्या छातीची शीळ अख्ख्या मैदानावर गेली आणि लोकांनी डोळे मिटून घेतले.

कल्याणीचा हात तेव्हा आपोआप उठला. तिनं पाइपचा तुकडा तारेवर ठेवला आणि त्याची राहिलेली ओळ पूर्ण केली. त्याच्या सुरात, त्याच्या वळणानं, जशी त्यानं मेमध्ये वाजवली होती तशी. तिला एवढंच करायचं होतं की ओळ पुरी झाली आहे, आता त्यानं घाई न करता श्वास घ्यावा. पुढच्या ओळीला तिनं तेच केलं. आणि त्याच्या पुढच्या. तो जिथं तुटेल तिथून ती उचलत होती, आणि चौथ्या ओळीला त्याचे खांदे खरोखरच खाली आले, छातीला उसंत मिळाली. दीड मिनिट, फार तर दोन, असं चाललं. समोर लोकांनी डोळे उघडले. पुढच्या रांगेत कुणीतरी 'श्शू' केलं. ते तिला होतं.

देवानंद तिच्याकडं वळला. माउथ ऑर्गन तोंडापासून दूर धरून, फक्त तिला ऐकू येईल असं म्हणाला, "ताई, बुजवू नका."

तिनं हात तारांवरून काढून घेतला.

पुढची पंचावन्न मिनिटं त्यानं एकही ओळ पूर्ण केली नाही. शेवटच्या गाण्यात तो तीन सूर वाजवायचा आणि सात मात्रा थांबायचा. लोक उभे राहिले होते. काही रडत होते. जालन्याहून आलेले अकराही जण उभे होते, आणि काकासाहेबांनी दोन्ही हात जोडलेले होते.

*

जानेवारीत तो अकरा दिवस दवाखान्यात होता. तिथून त्याला गावाकडं नेलं.

कल्याणी फेब्रुवारीत पिंपळगावला गेली. रेणुकाईच्या देवळापासून तिसरं घर, असं दैवशालानं फोनवर सांगितलं होतं. त्याहून जास्त शब्द ती बोलली नव्हती. दार तिनंच उघडलं, पाणी दिलं आणि ती मागच्या अंगणात निघून गेली. देवानंद कॉटवर बसलेला, पुढ्यात दोन उश्या, त्यांवर हात टेकलेले. नाकात नळी. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. गावात दुपारी तीन तास वीज जाते, तेवढ्यासाठी बाजूला एक सिलिंडर उभा करून ठेवला होता.

तो दोन-दोन शब्द बोलायचा. बसा. चहा घ्या. मग हातानंच थांबा अशी खूण करून त्यानं बराच वेळ श्वास गोळा केला.

"पुन्याचं. छापून आलं का?"

आलं होतं. अद्वैतनं नव्हे, दुसऱ्याच एका बाईनं लिहिलं होतं. ते तिच्या फोनमध्ये होतं. ती रोज वाचत होती. वाचून दाखवताना मधला एक परिच्छेद गाळता आला असता, देवानंदला कळलंही नसतं. तिनं सगळं वाचलं. इंग्रजीचं मराठी करताना कुठं काही मऊ केलं नाही.

'देवानंद यांचं वादन हा या महोत्सवाचा कळस होता,' तिनं वाचलं. 'एकच खंत. त्यांच्या गिटारवादक साथीदार कल्याणी यांना हा पॉज समजलेलाच नाही. जिथं शांतता हवी, तिथं सुरुवातीला त्या सूर भरत राहिल्या. सुदैवानं देवानंद यांनी त्यांना वेळीच थांबवलं.'

ती थांबली. मशीन घुरघुरत होतं. देवानंदनं डोळे मिटून मान हलवली, हळूहळू, पटल्यासारखी.

"बराबर लिवलंय," तो म्हणाला.

*

अस्तराच्या कामावर देवानंदच्या आधी तातेराव म्हणून एक जण होते. ते गेले तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या जागी देवानंदला घेतलं ते त्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.